एकदाही बुंडेसलीगा न जिंकलेल्या शाल्के 04 चे इतके चाहते कसे?

तुम्ही विचारलंय, बुंडेसलीगा म्हणजे जर्मनीची अव्वल फुटबॉल लीग, ती कधीच न जिंकलेल्या आणि 2023 मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या या फुटबॉल क्लबच्या सामन्याला साठ हजार लोक का जातात? शेजारच्या बोखुम शहरात शिकत होतो तेव्हा 302 नंबरच्या ट्रामने मीही जायचो, म्हणून उत्तर देतो.

शाल्के हा जर्मनीतल्या गेल्झेनकिर्शेन शहरातला भाग. आजूबाजूला सगळ्या कोळशाच्या खाणी. 1904 मध्ये तिथल्या पोरांनी क्लब काढला आणि पुढे खाणीत राबणारी मुलंच त्यात खेळू लागली. एर्न्स्ट कुझोरा हा सर्वांत मोठा खेळाडू, तोही खाणकामगारच. तो आणि त्याचा मेव्हणा फ्रिट्झ झेपान जमिनीलगत छोटे छोटे पास देत समोरच्या संघाला गरगर फिरवायचे. त्या शैलीला लोक ‘क्रायझेल’ म्हणायचे, म्हणजे आपला भोवरा!

1930 मध्ये खेळाडूंना ठरल्यापेक्षा जास्त भत्ता दिला म्हणून अख्ख्या पहिल्या संघावर बंदी आली. क्लबच्या खजिनदाराने कालव्यात उडी घेऊन जीव दिला. बंदी उठल्यावर 1931 च्या जूनमध्ये पहिला सामना झाला, तोही मैत्रीचा, तरी सत्तर हजारांच्या आसपास माणसं लोटली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिवसात आहे. शिक्षा आपल्या माणसांना झाली, असंच त्या वस्तीला वाटलं होतं.

क्लबने एकूण सात वेळा जर्मन अजिंक्यपद मिळवलं. त्यातली सहा 1934 ते 1942 मधली, म्हणजे नाझी काळातली. झेपानने त्याच काळात एका ज्यू कुटुंबाकडून हिसकावलेलं कापडाचं दुकान आपल्या ताब्यात घेतलं. शाल्केवर प्रेम करणाऱ्याने हेही सांगितलंच पाहिजे. सातवं 1958 चं. बुंडेसलीगा सुरू झाली 1963 मध्ये, आणि 1958 नंतर अजिंक्यपद एकही नाही.

आणि मग 19 मे 2001, बुंडेसलीगाच्या हंगामाचा शेवटचा दिवस. शाल्केने उंटरहाखिंगला 5-3 ने हरवलं, तिकडे हाम्बुर्गमध्ये शर्यतीतला प्रतिस्पर्धी क्लब बायर्न म्युनिक शेवटच्या क्षणी मागे पडलं होतं, म्हणजे विजेतेपद शाल्केचं. लोक मैदानात धावले, रडले, गळ्यात पडले. पण हाम्बुर्गचा सामना अजून चालूच होता. तिथल्या गोलकीपरने सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू हाताने उचलला, ते नियमाबाहेर, म्हणून बायर्नला फ्री किक मिळाली आणि त्यांच्या आंडरसनने गोल करून बरोबरी साधली; तेवढ्यावर विजेतेपद बायर्नचं झालं. तो गोलकीपर, मातियास शोबर, शाल्केचाच, हाम्बुर्गला उसना दिलेला. जेमतेम चार मिनिटांचं विजेतेपद! आठवड्याने जर्मन कप ही वेगळी स्पर्धा जिंकली, पण ती जखम भरली नाही.

आता तिथे खाणी नाहीत. रूर भागातली, म्हणजे या सगळ्या खाणपट्ट्यातली, शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली. पण आजही खेळाडू मैदानात येतात ती वाट खाणीतल्या बोगद्यासारखी केलेली आहे, काळ्या, खडबडीत भिंतींची. सामन्याआधी खाणकामगारांचं जुनं गाणं लागतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी शेजारच्या नातवाच्या डोक्यावरची टोपी हळूच काढून त्याच्या हातात दिली.

ट्राममध्ये भेटणाऱ्या एका आजोबांना मी 2001 बद्दल विचारलं होतं. ते तेव्हा मैदानात होते. त्यांनी नुसती चार बोटं वर केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या सामन्याला पुन्हा त्याच ट्राममध्ये, गळ्यात तोच निळा स्कार्फ.