वाचक विचारतात : कोंकणी ही पोर्तुगीज क्रिओल आहे का?

प्रश्न : जनेल, पाव, इस्त्री, लिलाव... आमच्या बोलण्यात पोर्तुगीज शब्द पावलोपावली येतात. मग कोंकणीला क्रिओल म्हणावं का? नसेल, तर साडेचारशे वर्षांच्या राजवटीत गोव्यात क्रिओल का रुजली नाही? (वाचक, म्हापसा)

उत्तर : कोंकणी क्रिओल नाही. (क्रिओल म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या माणसांच्या संपर्कातून तयार झालेली आणि पुढच्या पिढीची मातृभाषा बनलेली मिश्र भाषा.) हे शब्द मोजून ठरत नाही, व्याकरण बघावं लागतं. ‘जनेलां धांप’ (खिडक्या बंद कर) म्हणताना जनेल पोर्तुगीज, पण अनेकवचन कोंकणी आणि क्रियापदही कोंकणीच. आता मलेशियातल्या मलाक्क्याची पोर्तुगीज क्रिओल, क्रिस्तांग, घ्या. ‘एली जा बाय’ म्हणजे तो गेला, ‘एली ता बाय’ तो जातोय, ‘एली लोगु बाय’ तो जाईल. शब्द सगळे पोर्तुगीज, पण पोर्तुगीजमधली क्रियापदाची रूपं गळाली. ‘बाय’ (जाणे) बदलत नाही, काळ त्याच्या आधीचा शब्द सांगतो. त्यातला ‘जा’ मुळात ‘आधीच’ आणि ‘लोगु’ म्हणजे ‘लवकरच’.

आता तुमचा दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न. मलाक्क्यात पोर्तुगीज सत्ता 1511 ते 1641, म्हणजे जेमतेम 130 वर्षं टिकली, तरी क्रिस्तांग आजही बोलली जाते. राजवट किती लांबली यावर क्रिओल अवलंबून नसते. वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र येतात, त्यांना समाईक भाषा नसते, आणि त्यांची मुलं मोडक्यातोडक्या पोर्तुगीजलाच मातृभाषा करतात, तेव्हा ती जन्मते. पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर मुळात वस्तीच नव्हती. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना दुसरा इलाज नव्हता. गोव्यात मात्र गावंच्या गावं ख्रिस्ती झाली तरी गाव, घर आणि घरातली कोंकणी जागच्या जागी राहिली. 1684च्या फर्मानानं कोंकणीवर बंदी घातली, तीही घरात शिरू शकली नाही. पोर्तुगीज शाळेत आणि कचेरीत शिकायची भाषा राहिली.

प्रश्न : अशी भाषा जवळपास कुठे ऐकायला मिळेल?

उत्तर : रायगड जिल्ह्यात, रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत. पोर्तुगीज 1740 मध्ये तिथून गेले, भाषा राहिली. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. मराठीच्या शेजारानं तिच्यात क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलंय, आणि मराठी धातूंना ‘उ’ लावून क्रियापदांचा वेगळा गटच तयार झालाय. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर शब्दांच्या याद्या विचारू नका. माणसं सुटे, ‘शुद्ध’ शब्द सांगू लागतात आणि व्याकरण हातातून निसटतं. स्वयंपाक, मासेमारी यांवरच्या गप्पा टिपा.

तुमच्या म्हापशाशेजारच्या आसगावचे धर्मगुरू आणि भाषाअभ्यासक मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी सिलोन आणि दमणच्या क्रिओलांवर 1900 आणि 1903 मध्येच ग्रंथ लिहिले. पोर्तुगीज वाचता येत असेल, तर सुरुवात तिथूनच करा.