रेंडरमध्ये झाड टाकताना आधी सावली बघ, पानं नंतर

तू विचारलंयस की घोडबंदर रोडच्या एका टॉवरचा व्ह्यू (बिल्डिंग उभी राहण्याआधी कॉम्प्युटरवर रेंडर करून काढलेलं चित्र) करतोय, थ्रीडी झाडं टाकली की फाइल हलत नाही आणि पीएनजी कटआउट, म्हणजे मागचा भाग कापलेले झाडांचे सपाट फोटो, लावली की सर म्हणतात खोटं दिसतंय, मग वापरू काय. मी ठाण्यात १४ वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशीनचं आधी उरकते. एक झाड १० लाख पॉलिगॉनचं, म्हणजे मॉडेल ज्यांनी बनतं त्या छोट्या सपाट तुकड्यांचं, असलं आणि ते साधं कॉपी करून ६० वेळा टाकलं तर झाले ६ कोटी, मग फाइल अडकणारच. तेच इन्स्टन्स किंवा प्रॉक्सी केलं तर मेमरीत झाड एकच राहतं, बाकी ठिकाणी फक्त जागा, माप आणि कोन. थ्रीडीएस मॅक्समध्ये काम करत असशील तर त्यासाठी व्ही-रे प्रॉक्सी आहे, फॉरेस्ट पॅक आहे, ब्लेंडरमध्ये कॉपीसाठी शिफ्ट-डी करत असशील तर ऑल्ट-डी कर, एवढं करून बघ. प्रत्येक झाड थोडं फिरव, माप दहा-पंधरा टक्के कमी-जास्त कर, मग साठ झाडं तीनच मॉडेलची आहेत हे कुणाला ओळखू येत नाही.

आणि पानं कशी बनवलीत ते बघ. फुकटच्या मॉडेलमध्ये बरेचदा चौकोनी तुकड्यावर पानाचा फोटो आणि बाकीचा भाग ओपॅसिटी मॅपने (कुठे आरपार दिसावं ते ठरवणाऱ्या चित्राने) गायब केलेला असतो. प्रत्येक किरणाला त्या रिकाम्या चौकोनातून पार जावं लागतं, पानामागे पान, त्यामागे पान, म्हणून रेंडर रखडतं. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये ट्रान्सपरंटचे बाउन्स, म्हणजे किरण किती आरपार थरांतून जाईल तो आकडा, डिफॉल्ट ८ असतात, दाट झाडात ते संपतात आणि मग मधेच काळे डाग दिसतात, ते वाढवले की जातात पण वेळ वाढतो. त्यापेक्षा पानाच्या आकाराला धरून कापलेली भूमिती असलेलं मॉडेल घे, पॉलिगॉन जास्त असले तरी चालतील.

आता मुख्य मुद्दा. कटआउट खोटं दिसतं त्याचा दोष आपण पानांना देतो, पण तुझा व्ह्यू मोठा करून बुंध्याजवळची जमीन बघ, मला खात्री आहे गडबड तिथेच आहे. उभ्या पत्र्यासारखं चित्र आहे ते, ऊन समोरून आलं तर सावली बरी पडते, बाजूने आलं की झाडाखाली नुसती रेघ. स्केचअपच्या फेस-मी (कायम कॅमेऱ्याकडे तोंड करणाऱ्या सपाट) झाडांना सावली सूर्याकडे तोंड करून पाडायचा ऑप्शन असतो, सकाळ-संध्याकाळच्या उन्हात त्याने भागतं. पण दुपारी नाही भागत, कारण आपण १९ अक्षांशावर आहोत, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो. अशा उन्हात दोन कटआउट आडवी-उभी छेदून लावलीस तर जमिनीवर अधिकचं चिन्ह उमटतं! खऱ्या पर्जन्यवृक्षाखाली त्या वेळी झाडाच्या पसाऱ्याएवढा गोल काळोख आणि त्यात उन्हाचे कवडसे असतात. ठाण्याच्या माणसाला झाड म्हणजे तेच, मे महिन्यात रिक्षा लावायची जागा. म्हणून ज्या झाडाची सावली फ्रेममध्ये पडते ते झाड खरं थ्रीडी, मग ते कॅमेऱ्याच्या मागे का असेना. ज्याची सावली दिसतच नाही, लांबची रांग, कंपाउंडच्या पलीकडचं, ते खुशाल कटआउट. बर्ड्स आय व्ह्यूमध्ये मात्र कटआउट नकोच, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो वरून बघितला की पुठ्ठा वाटतो.

प्रत्येक चित्रात खरंखुरं झाड हवंच असंही नाही. काही वर्षांपूर्वी वाशीच्या एका सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा व्ह्यू केला होता. गेटपाशी जुना पर्जन्यवृक्ष, त्याने खालचे दोन-तीन मजले झाकले जात होते म्हणून मी तो काढून टाकला आणि तिथे पामची रांग लावली. मीटिंगला पडद्यावर चित्र आलं तशा पहिल्याच रांगेतल्या काकू उठल्या, "आमचं झाड कुठंय?" त्यानंतर बिल्डिंगबद्दल कुणी बोललंच नाही, अर्धा तास फक्त झाड. त्यांचं बरोबर होतं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, जुन्या सेक्टरमधली झाडं पन्नाशीच्या आसपास असू शकतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला कायद्यात हेरिटेज वृक्ष म्हणतात. पुढच्या मीटिंगला मी तेच झाड बारीक पांढऱ्या रेघेत काढलं, फांद्यांचा आकार पूर्ण, पानं नाहीत, मागची बिल्डिंग आरपार दिसतेय, पण जमिनीवर सावली मात्र पूर्ण ठेवली. काकूंनी स्क्रीनजवळ येऊन फांदी बोटाने दाखवली, इथे कावळ्याचं घरटं असतं म्हणाल्या.

जातीचं सांगते. लायब्ररीत मेपल, बर्च, ओक भरलेले असतात, ते घोडबंदरला लावू नकोस, लोकांना नाव सांगता येत नाही पण परकं आहे हे कळतं. पर्जन्यवृक्ष, बदाम, करंज, सप्तपर्णी, सोनमोहर, ताम्हण एवढी सहा झाडं नीट जमवलीस तरी पुष्कळ. ब्लेंडरच्या सॅपलिंग अ‍ॅड-ऑनमध्ये फांद्यांचे कोन बदलून पर्जन्यवृक्षाची पसरट छत्री बऱ्यापैकी जमते. मोसम एकच ठेव, पांगारा फुललेला आणि रस्ता पावसाने ओला असं एका चित्रात होत नाही. मागे येऊरचा डोंगर घेणार असशील तर एप्रिलमध्ये तो तपकिरी असतो, गडद हिरवा हवा असेल तर आकाशही पावसाळ्याचं घे. अजून एक, पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात, त्यामुळे दिवे लागणीच्या व्ह्यूला त्याचा पसारा विरळ दिसला पाहिजे.

तुझी बाग पोडियमवर आहे का ते आधी विचार. खाली पार्किंग असेल तर एक मीटर ओली माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास दोन टन वजन, त्या स्लॅबवर वड-पिंपळ काढलास तर स्ट्रक्चरवाला ओरडेल, आणि ओरडायलाच हवं. तिथे चाफा, छोटे पाम, झुडपं. जे झाड तिथे लागूच शकत नाही ते चित्रात दाखवू नकोस. रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे, पण कलम नसतं तरी मला ते पटलं नसतं, लोक आयुष्यभराची कमाई लावून ते चित्र बघत असतात.

उद्या सकाळी ऊन कडक व्हायच्या आत साइटवर जा. जी झाडं राहणार आहेत त्यांच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर टेप लाव, घेर लिहून घे, एका माणसाला शेजारी उभं करून पूर्ण झाडाचा फोटो काढ, आणि एक फोटो फक्त खालच्या सावलीचा. तो सावलीचा फोटो रेंडरच्या शेजारी उघडा ठेवून काम कर.