‘अ डबल लाइफ’ची (१९४७) ब्लू-रे भारतात मागवावी का?

मागवा, पण आधी रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा कोड) बघा. ऑलिव्ह फिल्म्सची अमेरिकन डिस्क रीजन ‘ए’ची, आपल्याकडचे प्लेअर ‘सी’चे. मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर पैसे पाण्यात!

सिनेमा मात्र चुकवू नका. शेक्सपिअरचा ऑथेल्लो रंगवता रंगवता एक नट भूमिकेतून बाहेरच येईनासा होतो. (ऑथेल्लोचंच मराठी रूप असलेला देवलांचा झुंझारराव आठवेल.) रोनाल्ड कोलमनला या कामासाठी ऑस्कर मिळालं, मिक्लोश रोझाच्या संगीतालाही. अभिनेत्री शेली विंटर्सच्या खोलीतला प्रसंग बघा: ती सहज दिवा घालवायला सांगते आणि या नटाच्या तोंडून खुनाआधीचा ऑथेल्लोचा संवाद निघतो. अंगावर काटा येतो. कॅमेरामन मिल्टन क्रॅस्नरने टिपलेला असा अंधार यूट्यूबवरच्या धुरकट प्रतीत नुसता काळा डाग दिसतो, म्हणून डिस्कच घ्या.