कथक सुरू करतेयस ना? आधी तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल

पहिले काही महिने घुंगरांचा हट्ट धरू नकोस. घुंगरांच्या आवाजात पायाची चूक लपते. नुसत्या फरशीवर ती लगेच कळते. ‘ता थेई थेई तत्’ उजव्या पायाने सुरू होऊन डाव्यावर संपतं, आणि पुढच्या ‘आ थेई थेई तत्’मधला ‘आ’ पुन्हा डाव्यानेच. इथेच सगळे अडखळतात, मीही महिनाभर अडखळले. म्हणून आधी विलंबित, म्हणजे संथ लयीत, पूर्ण तळवा आपटून कर. तोंडाने हे बोल म्हणत, हाताने तीनतालाच्या 16 मात्रा धर. नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे रिकामी जागा, तिथे टाळी नाही. ही पढंत, म्हणजे बोल म्हणत ताल धरणं, पक्की झाली की पाय आपोआप लयीत पडतात. चक्करांची घाई तर मुळीच नको. आणि गुडघा दुखला तर गुरूंना त्याच दिवशी सांग, लपवू नकोस.