मक्यापासून विमानाचं इंधन? आधी ऑक्सिजनचा हिशेब मांडा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. एका सल्लागारानं येऊन सांगितलं, की मका, केळीचा टाकाऊ माल आणि पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) यांच्यापासून अल्कोहोल करायचं आणि त्या अल्कोहोलपासून विमानाचं इंधन आणि हरित रसायनं. आता सभासदांकडून भागभांडवल गोळा करायचं का, हे तुम्ही विचारताय.

सल्लागारानं सांगितलेलं रसायनशास्त्र खरं आहे. तरीही विमान इंधनाच्या नावानं सभासदांकडून एक रुपयाही घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो. माझी नोकरी आधी डिस्टिलरीत आणि नंतर सॉल्व्हंटच्या कारखान्यात गेली, मूळ गाव शिरपूरकडचं. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

साखरेच्या रेणूत वजनानं निम्म्याहून जास्त, सुमारे ५३ टक्के, ऑक्सिजन असतो. मक्यातला स्टार्च आपण एन्झाइमनं फोडून आधी साखरच करतो, म्हणून तिथंही हाच हिशेब. यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल करतं तेव्हा १०० किलो साखरेतून फार तर ५१ किलो इथेनॉल (हेच ते अल्कोहोल) मिळतं, उरलेले ४९ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. या इथेनॉलमध्येही सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन उरतोच. विमानाच्या इंधनात मात्र तो अजिबात चालत नाही. ऑक्सिजन म्हणजे आधीच अर्धवट जळलेला माल, त्याला उष्णता कमी. एक लिटर इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३२ आणि विमानाच्या इंधनात ३५ च्या जवळपास. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि १३ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तर विमान इंधनाला ही मर्यादा किमान ३८ अंश लागते.

म्हणून इथेनॉल तापलेल्या ॲल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून नेतात. त्यातून पाणी निघून जातं आणि इथिलीन वायू उरतो. मग इथिलीनचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यांना हायड्रोजन द्यायचा आणि शेवटी ऊर्ध्वपातनानं हवा तो भाग वेगळा काढायचा. या वाटेला 'अल्कोहोल टू जेट' म्हणतात. आयसोब्युटॅनॉल या दुसऱ्या एका अल्कोहोलपासून बनवलेल्या अशा इंधनाला २०१६ साली आणि इथेनॉलपासूनच्या इंधनाला २०१८ साली एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात मान्यता मिळाली. साध्या विमान इंधनात ते ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येतं.

आता वजन बघा. पाणी काढून टाकलं की ४६ किलो इथेनॉलचं २८ किलो इथिलीन होतं. म्हणजे १०० किलो साखरेतून हायड्रोकार्बन फार तर ३१ किलो. आयसोब्युटॅनॉल वापरला तर हे वाढेल, असं तुमच्या सल्लागारानं सांगितलं असेल. तसं होत नाही. साखरेच्या सहा कार्बनपैकी दोन्ही वाटांनी चारच हाती लागतात, दोन वायू होऊन जातात. म्हणून आयसोब्युटॅनॉलमधून निघणारं आयसोब्युटिलीनही ३१ किलोच भरतं. त्याचे फायदे वेगळे आहेत. रेणू आधीच चार कार्बनचा असल्यानं साखळी जोडायचं काम कमी पडतं. पाण्यात तो मर्यादितच विरघळतो, त्यामुळे वेगळा काढणं सोपं. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, हा मिसळतो. पण तो यीस्टला फार लवकर बाधतो, वॉशमध्ये, म्हणजे आंबणाऱ्या द्रवात, थोडा साचला की यीस्ट मंदावतं, म्हणून आंबवण चालू असतानाच सतत बाहेर काढावा लागतो. नेहमीच्या डिस्टिलरीला हे काम नवीन आहे.

पैशात मांडलं तर एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल येतं आणि ३०० किलोच्या आसपास डीडीजीएस, म्हणजे पशुखाद्यात जाणारा चोथा. २०२५-२६ च्या २४०० रुपये क्विंटल हमीभावानं मका धरला, तर एका लिटरमागे नुसत्या मक्याचेच ६३ रुपये होतात. तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दिले. चोथ्याचे पैसे धरले तरच हा धंदा उभा राहतो. विमान इंधनाच्या एका लिटरला साधारण १.७ लिटर इथेनॉल जातं. ७१ रुपये ८६ पैशांनं ते १२२ रुपये झाले आणि अजून उत्प्रेरक, हायड्रोजन, वाफ, व्याज यांतलं काहीच धरलेलं नाही.

मग सगळे या विषयाकडे का वळले? कारण इथेनॉल जास्त झालं. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांना सुमारे १०५० कोटी लिटर हवं होतं आणि डिस्टिलऱ्यांनी १७७६ कोटी लिटर देऊ केलं. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळून झालं, पुढचा माल कुठं जाणार, ही काळजी खरी आहे. त्यातच केंद्र सरकारनं आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के शाश्वत विमान इंधनाचं उद्दिष्ट ठेवलंय. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला असं मिश्रण भरून प्रवासी विमान गेलंसुद्धा, ते इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं देशी कच्च्या मालापासून बनवलं होतं. आपल्या लोकांनी हे करून दाखवलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तो कारखाना तालुक्याच्या कंपनीनं उभारायचा नसतो.

आणखी एक अडचण सादरीकरणात सहसा दाखवत नाहीत. विमान कंपनी जास्त पैसे मोजते ते कार्बन कमी झाला म्हणून. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कोर्सिया योजनेत साध्या विमान इंधनाचा आकडा एका मेगाज्यूलला ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतका धरतात. अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलपासून केलेल्या इंधनाचा ठरवून दिलेला आकडा, जमीनवापरातला बदल धरून, ९० च्या पुढे जातो. म्हणजे खनिज इंधनापेक्षाही वाईट! ब्राझीलच्या उसाचा आकडा मात्र ८९ च्या निम्म्याहूनही खाली आहे, आणि तिथं बॉयलरमध्ये उसाचाच बगॅस, म्हणजे चिपाड, जळतो हे त्याचं एक मोठं कारण. तेव्हा 'वनस्पतीपासून बनलं म्हणजे हरित' असं गृहीत धरू नका. आकडा ठरतो तो बॉयलरमध्ये काय जळतं, शेतात युरिया किती पडतो आणि पाणी कुठल्या विजेवर उपसतो यावरून.

इथं आपल्या पऱ्हाटीचा खरा उपयोग आहे. तिच्यापासून इथेनॉल करता येतं. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडापासून रोज १०० किलोलिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तंत्र त्याच धर्तीचं. पण कपाशीची काडी लाकडासारखी, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) भरपूर, त्यामुळे तिच्यातली साखर मोकळी करायला वाफ, आम्ल आणि महागडे एन्झाइम लागतात. तीच पऱ्हाटी बारीक करून किंवा कांडी पाडून डिस्टिलरीच्या बॉयलरला कोळशाऐवजी दिली, तर मक्याच्या अल्कोहोलचा कार्बनचा आकडा सरळ खाली येतो. शिवाय वेचणी संपल्यावर शेत लवकर मोकळं झालं की गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो. नाहीतरी आपल्याकडे बांधावर ढीग लावून ती पेटवूनच देतात. हे काम तुमच्या कंपनीच्या आवाक्यातलं आहे: एक श्रेडर, एक ट्रॅक्टर आणि बॉयलरवाल्याशी वर्षाचा करार.

रसायनांची बाजू मला जास्त पटते, आणि कारण पुन्हा तेच, ऑक्सिजन. इंधन करताना जो पैसे मोजून काढून टाकायचा, तोच रसायनांत वजन म्हणून विकला जातो. १०० किलो इथेनॉलचं इथिलीन ६१ किलो होतं. ॲसिटाल्डिहाइड केलं तर साधारण ९५ किलो, इथाइल ॲसिटेटही तेवढंच. ॲसिटिक ॲसिड केलं तर कागदावर १३० किलो, कारण हवेतला ऑक्सिजन फुकट येऊन मिळतो. देशाला हे नवीन नाही. पेट्रोरसायनं स्वस्त होण्याआधी बरेलीला अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनत होतं. काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल करत आली आहे. आपल्या जवळ, कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीज अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट आणि इतर रसायनं बनवते. सवड काढून एकदा तो पट्टा बघून या, सादरीकरणापेक्षा जास्त कळेल.

तरी तिथंही डोळे उघडे ठेवा. ॲसिटिक ॲसिड आज जगभर मुख्यतः मिथेनॉलपासून, म्हणजे नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून, फार स्वस्तात बनतं. त्या भावाशी आपलं ॲसिड टिकत नाही. वनस्पतीजन्य मालाला जास्त भाव देणारी गिऱ्हाइकं आहेत: अत्तरं, सौंदर्यप्रसाधनं, खाण्याच्या पाकिटावरची शाई. ती कार्बन-१४ ची चाचणी मागतात. खनिज तेलातला कार्बन इतका जुना असतो की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो, ताज्या पिकातून आलेल्या कार्बनमध्ये तो असतो. त्यामुळे भेसळ लपत नाही, पण अशी गिऱ्हाइकं मोजकी आणि ती जुन्या कारखान्यांकडूनच घेतात.

कायद्याचंही बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, की औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना कायदा करता येतो. १९९० चा उलटा निकाल त्यामुळे गेला. म्हणजे तुमचं अल्कोहोल पिण्याचं नसलं तरी टाकी, पंप, वाहतूक सगळ्याला राज्य उत्पादन शुल्क विभाग विचारावाच लागेल.

आता केळी. पिकलेल्या केळीच्या गरात साधारण पाचवा हिस्सा साखर असते. साल वजा केली तर एक टन टाकाऊ केळीतून ७० लिटरच्या आसपास अल्कोहोल निघेल, म्हणजे एक टन उसाइतकंच. आकडा वाईट नाही. पण माल रोज सारखा येत नाही. भाव पडला की सगळा यावल-रावेर पट्टा तुमच्या दारात ट्रॅक्टर लावेल आणि रमजानात किंवा श्रावणात भाव चढला की फर्मेंटर रिकामा. केळीच्या खोडाचं तर नावच काढू नका, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, वाहतुकीतच पैसे संपतात. त्याचं खत करा, धागा काढा.

केळीतून काही करायचंच असेल तर व्हिनेगर करा, हे मी मनापासून सांगतो. तेही रसायनच: यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, ॲसिटोबॅक्टर जिवाणू हवा घेऊन त्याचं ॲसिटिक ॲसिड करतो. खाण्याचा माल असल्यानं मिथेनॉलवाल्या स्वस्त ॲसिडशी थेट झुंज नाही, यंत्रं छोटी, आणि माल टिकतो म्हणून केळीचा भाव पडलेल्या महिन्यांत साठा करता येतो. मधल्या टप्प्यात अल्कोहोल तयार होतं, म्हणून सुरू करण्याआधी उत्पादन शुल्क कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.

मक्यासाठी स्वतःची डिस्टिलरी नको. रोज ६० किलोलिटरचा प्रकल्प म्हणजे शंभर कोटींच्या आगेमागे खर्च आणि रोज जवळपास १६० टन मका. वर्षाला ५२ हजार टन. एकरी २५ क्विंटल धरले तरी २१ हजार एकर मका एकाच गिऱ्हाइकासाठी! शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं एका आदेशानं बंधन घातलं होतं. धोरण असं बदललं की कर्जाचा हप्ता थांबत नाही.

त्यापेक्षा वाळवण आणि साठवण उभी करा. खरिपाचा मका ऑक्टोबरात ओला निघतो. १४ टक्क्यांच्या खाली ओलावा आणला नाही तर बुरशी लागते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. अल्कोहोलला ते बाधत नाही असं म्हणून व्यापारी तसला माल घेतात, पण स्टार्च निघून गेल्यावर तेच विष चोथ्यात साधारण तिपटीनं साचतं आणि तो चोथा आपल्याच गाईम्हशींच्या पुढ्यात येतो. म्हणून चांगला कारखाना कोरड्या, तपासलेल्या मक्याला जास्त भाव देतो. दोंडाईच्याचा स्टार्चचा उद्योगही मक्यावरच चालतो, म्हणजे गिऱ्हाईक एकच उरत नाही.

सल्लागार पुन्हा आला तर त्याच्याकडून चार गोष्टी लेखी मागा. एक लिटर विमान इंधनाला किती इथेनॉल धरलंय, हायड्रोजन कुठून आणि काय भावानं, बॉयलरमध्ये काय जाळणार, आणि माल घेणाऱ्या कंपनीचं पत्र. 'चर्चा चालू आहे' असं पत्र नको, टन, भाव आणि मुदत लिहिलेलं हवं. वाया जाणाऱ्या पाण्याचंही विचारा, तापीकाठी गाव असलं तरी उन्हाळ्यात आपल्या विहिरींची काय गत होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

उत्तरं मिळाली की इथंच टाका. ताळेबंद मी तपासून देतो.