नाही म्हण, कारण देऊ नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा हायकोर्टातून निघताना एम. जी. रोडवर चहा घेता घेता तू विचारलंस, "काका, सीनियर वकिलांच्या बैठकीत दारूचा ग्लास घेतला नाही तर खटल्यांचे ब्रीफ मिळतील का?" मी गप्प बसलो, ते बरोबर केलं नाही.

ग्लास नाकार. कारण देऊ नकोस. तू कधी ॲसिडिटी सांगतोस, कधी उपास. अरे, वकिलांसमोर कारण सांगायचं म्हणजे स्वतःहून उलटतपासणीला उभं राहायचं! उपास संपतो, ॲसिडिटीला गोळी असते. 'मी घेत नाही' यावर कोण काय विचारणार?

मी कारणं देत गेलो. ती संपली आणि प्यायला लागलो. अकरा वर्षं. एका बाईंच्या अपिलाची ३० दिवसांची मुदत माझ्या कपाटात उलटली. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली उशीर माफ व्हायला पुरेसं कारण लागतं. मी पक्षकाराचं आजारपण लिहिलं. त्या ठणठणीत होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी शपथपत्रावर सही केली. उशीर माफ झाला. ती सही मला अजून दिसते.

आणि झोपेसाठी एक पेग? दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. सकाळी त्या दिवसाच्या खटल्यांचा बोर्ड समोर, डोकं बधिर, संध्याकाळी पुन्हा तेच. अमेरिकेतल्या १२,८२५ वकिलांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. २०.६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीवर होतं, आणि वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांत असलेल्यांचं सर्वांत जास्त. तुझं चौथं वर्ष चालू आहे, बाबा.

रोज घेत असशील तर मात्र एकदम तोडू नकोस, आधी डॉक्टर गाठ. मी न विचारता सोडली आणि मला फिट आली होती. रात्री जीव घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास लागतो. मलाही उठव.

बैठका सोडल्यावर माझे ब्रीफ कमी झाले, हे खरं. लोक म्हणतात मी मागे पडलो. नाही पडलो. त्यानंतर माझं एकही अपील मुदतीबाहेर गेलेलं नाही, राजवाड्याकडचे जुने व्यापारी आजही माझ्याकडेच येतात. मला पुरतं तेवढं. काकूला विचार.

पुन्हा सांगतो, कारण देऊ नकोस. सीनियरलाही नाही, मित्रांनाही नाही.

शनिवारी संध्याकाळी रामबागेत घरी ये. सोमवारच्या जामीन अर्जाची फाइल आण.

तुझा,
काका