डास सोडायचे, पण कुणाला विचारून?

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. २०१७ च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातील दावलवाडी येथे जनुकीय बदल केलेल्या डासांच्या चाचण्या सुरू झाल्याचे वाचले, तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. मुलगा म्हणतो, "वर्षानुवर्षे बीटी कपाशी लावता, मग डासाच्या जनुकाला कशाला भिता?" मला उत्तर देता येत नाही आणि धास्तीही जात नाही. हा अडाणीपणा म्हणावा काय?

उत्तर : मुळीच नाही. आपल्या चिरंजीवांचा प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण त्यातून एक गोष्ट निसटली आहे. बीटीचे, म्हणजे अळीला मारणारे जनुक घातलेल्या कपाशीचे, पाकीट शेतकरी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या रानासाठी विकत घेतो, आणि निदान कागदावर तरी पुढच्या हंगामात वाण बदलण्याची मुभा त्याला असते. (बाजारात बिगरबीटी बियाणे शोधायला गेलेल्याला ही मुभा किती पोकळ आहे ते कळते.) २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर अळीच्या फवारण्या कमी झालेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या, पुढे आपण उल्लेख केलेल्या त्याच २०१७ सालच्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटीचीच बोंडे पोखरली, तेही पाहिले. तरीही २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशकरोधी कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. याउलट बीटी वांग्याच्या वेळी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, तेथे कडाडून विरोध झाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वाणाला स्थगिती मिळाली. तंत्र एकाच जातीचे असताना लोकांनी कपाशीला एक न्याय लावला आणि वांग्याला दुसरा, कारण कपाशी अंगावर घालायची असते आणि वांगे पोटात जाते. डास तर दोन्हींच्या पलीकडचा. तो न विचारता घरात शिरतो.

दावलवाडीपुरते सांगायचे तर ऑक्सिटेक ही ब्रिटिश कंपनी आणि जालन्यातील तिची भागीदार कंपनी यांनी त्या चाचण्या बंदिस्त पिंजऱ्यांत घेतल्या. तो उघड्यावर डास सोडण्याचा प्रयोग नव्हता. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीच्या नरांत असे जनुक घातलेले असते, की त्यांची जवळजवळ सर्व संतती प्रौढ होण्यापूर्वीच मरते. नर चावत नाही. कोषावस्थेत मादी आकाराने मोठी असल्यामुळे चाळून वेगळी काढता येते. प्रकल्पाचे नाव 'फ्रेंडली एडिस' असे ठेवले होते. हे नाव मला खटकते, कारण डास मित्र आहे की नाही हे ज्याच्या घरात तो शिरणार त्याने ठरवायचे असते, सोडणाऱ्याने नव्हे.

आपल्या धास्तीला या देशात इतिहासही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणासाठी एक केंद्र चालवले होते. खर्चाचा पैसा अमेरिकेचा, म्हणजे पीएल-४८० या धान्यकरारातून, अमेरिकी धान्याच्या मोबदल्यात, साठलेल्या रुपयांचा होता. हरियाणातील सोनीपत येथे एडिसचे वांझ नर मोठ्या संख्येने सोडण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात वृत्तपत्रांतून प्रश्न उपस्थित झाले, की ज्या देशात पीतज्वर (यलो फीव्हर) नाही, तेथे पीतज्वर पसरवू शकणाऱ्या डासाचाच एवढा बारीक अभ्यास परक्या पैशाने कशासाठी? हे जैविक युद्धाचे तर काम नव्हे? डास वांझ करण्यासाठी वापरलेल्या थायोटेपा या रसायनाबद्दलही आक्षेप आले. प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले, सोनीपतचा प्रयोग थांबला आणि १९७५ मध्ये ते केंद्रच बंद झाले. जैविक युद्धाचा आरोप मला ताणलेला वाटतो. पण पैसा कुणाचा, माहिती कुणाकडे जाणार आणि चुकले तर जबाबदार कोण, हे प्रश्न अडाण्यांचे नव्हते. त्यांची उत्तरे आधीच गावकऱ्यांपुढे मांडली असती, तर संशयाला एवढे खाद्य मिळाले नसते.

सुशिक्षित, सधन वस्तीतही वेगळे घडत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा कीज या बेटांवर नोव्हेंबर २०१६ मध्ये ऑक्सिटेकच्याच डासांविषयी बंधनकारक नसलेले मतदान झाले. ही बेटे ज्यात येतात त्या संपूर्ण मन्रो काउंटीत (जिल्ह्यात) सुमारे ५७ टक्के मतदारांनी होकार दिला. ज्या 'की हेवन' नावाच्या वस्तीत डास सोडायचे ठरले होते, तेथे मात्र सुमारे ६५ टक्के नकार आला. पुढे जागा बदलावी लागली, त्याच डासाचा नवा वाण आला आणि प्रत्यक्ष सोडणे २०२१ मध्ये सुरू झाले. तेव्हा चिरंजीवांना एवढेच विचारा, की पिंजरा आपल्याच अंगणात ठेवायचा म्हटले तर त्यांचे मत कोणते असेल?

प्रश्न : सोडलेले डास परत बोलावता येतात का? (पुण्यातील एक वाचक)

उत्तर : डास परत येत नाहीत, ते आपोआप संपतात की पसरत जातात, एवढाच फरक. वर सांगितलेल्या प्रकारात सोडणे थांबवले की नवे जनुक हळूहळू विरळ होते, असे अपेक्षित आहे. 'जीन ड्राइव्ह' या तंत्रात मात्र जनुक नेहमीप्रमाणे निम्म्या संततीत उतरण्याऐवजी जवळजवळ सर्व संततीत उतरते आणि स्वतःच पसरते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये २०१८ साली पिंजऱ्यातील हिवतापवाहक डासांची संख्या या तंत्राने सात ते अकरा पिढ्यांत शून्यावर आली. गोंधळ असा, की लोक या दोन्ही प्रकारांना एकच समजतात, आणि संस्थाही तो फरक गावात नीट पोहोचवत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमधील बाना गावात 'टार्गेट मलेरिया' या संशोधन प्रकल्पाने २०१९ मध्ये सोडलेले नर वांझ होते, त्यांत जीन ड्राइव्ह नव्हते; तरी पुढच्या टप्प्याची चाहूल असल्याने विरोध धुमसत राहिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने प्रकल्पाची सर्व कामे थांबवली.